शिलोहाचा बुरूज आणि माळीण



चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपवली होती. वक्त्याला अशी मोकळीक मिळाली म्हणजे तो बहुधा स्वतःच्या सोयीचा विषय काढतो. आम्ही तसे केलेले नाही. ज्या प्रश्नाने आम्हांला कित्येक वर्षे स्वस्थ बसू दिले नाही तोच घेऊन आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत. देव एक आहे, तो चांगला आहे, आणि त्याला अशक्य असे काही नाही, अशी ज्याची श्रद्धा आहे त्या ख्रिस्ती माणसाने जगातल्या दुःखाकडे आणि दुष्टाव्याकडे पाहून काय म्हणावे, हा तो प्रश्न.

आम्ही जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती आहोत, आणि मराठी ही आमची मायबोली आहे. तेव्हा हा प्रश्न आमच्या घरचा आहे. कोणाचे मन वळवावे असा आमचा हेतू नाही. या बाबतीत आमचेच मन आम्हांला अद्याप पुरते वळवता आलेले नाही. बोलण्याच्या ओघात काही परकी नावे येतील. पण जुन्नरकरांना परक्या नावांचे भय नसावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरांत यवन दात्यांनी भिक्षूंना पाण्याची टाकी आणि भोजनमंडप करून दिले, आणि त्यांची नावे शिलालेखांत अजून आहेत.

त्या लेण्यांवरून आठवले. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. ज्या धर्माने ती खोदविली त्याची सुरुवातच मुळी दुःख आहे या विधानापासून होते. म्हणजे आमचा प्रश्न या मुलखाला नवा नाही. पण बौद्ध मताला एक सोय आहे: जग निर्माण करणारा ईश्वर त्याने मानलेलाच नाही, तेव्हा जाब विचारायचा कोणाला हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहात नाही. वैदिक परंपरेने ईश्वर मानला, आणि प्रश्नही मानला. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा दोष येतो की काय, अशी शंका स्पष्टपणे घेतली आहे, आणि ईश्वर प्राण्यांच्या कर्मानुसार फळ देतो असे तिचे समाधान केले आहे. ते समाधान कोणाला पटो न पटो, पण त्यात हिशेब जुळतो. या जन्माची बाकी मागच्या पानावरून आली, असे म्हणता येते.

ख्रिस्ती माणसाजवळ हे मागचे पान नाही. त्याच्या मते जन्म एकच. देव एकच. आणि तो देव बापासारखा आहे. या तीन गोष्टी एका हातात धरायच्या आणि दुसऱ्या हातात तीन महिन्यांच्या मुलाचे प्रेत धरायचे, हे काम सोपे नाही. जुन्या काळापासून तार्किकांनी ख्रिस्ती माणसाला या ठिकाणी गाठले आहे. देवाला दुःख नाहीसे करावयाचे आहे पण करता येत नाही, तर तो दुबळा. करता येते पण करावयाचे नाही, तर तो निष्ठुर. दोन्ही असून दुःख आहेच, तर मग हे आहे तरी काय? पेच उत्तम आहे. त्यातून सुटण्याचा दावा आम्ही आज करणार नाही.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो. पाश्चात्त्य पंडित या प्रश्नात एकाच शब्दाने दोन गोष्टी बोलतात. मराठीने त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. माणूस माणसाला छळतो तो दुष्टावा. डोंगर कोसळतो, पटकी येते, पाऊस पडत नाही ते अरिष्ट. मराठीचा हा विवेक आम्हांला मोलाचा वाटतो. मात्र आपल्याच तालुक्यातले एक उदाहरण असे आहे की तेथे ही दोन्ही कोठे एकमेकांना चिकटतात हे दाखवणे कठीण होते.

३० जुलै २०१४, बुधवार. श्रावण नुकताच लागला होता, नागपंचमी दोन दिवसांवर होती, भाताच्या लावणीचे दिवस. डिंभे धरणाच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत असलेले माळीण हे आदिवासी वस्तीचे गाव सकाळच्या वेळी डोंगराखाली गेले. चिखल, दगड आणि झाडे यांचा लोट काही क्षणांत घरांवरून गेला. बातमी द्यायलाही गावात कोणी उरले नव्हते म्हणाना. त्या वाटेने जाणाऱ्या एस. टी.च्या एका चालकाला रोजचे गाव जागेवर दिसले नाही आणि त्याने ती खबर बाहेर नेली. १५१ माणसे गेली. एक बाई आणि तिचे तान्हे मूल ढिगाऱ्यातून जिवंत निघाले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने सुस्कारा टाकला. पण त्याच ढिगाऱ्यातून दुसरी तान्ही मुले जिवंत निघाली नाहीत, हेही त्याच वेळी खरे होते.

आपणांपैकी अनेकजण त्या दिवसांत तेथे गेले असतील. कोणी भाकऱ्या बांधून नेल्या असतील, कोणी फावडी. त्यांना आम्ही नव्याने काय सांगावे? आम्हांला फक्त त्या आठवड्यात जी बोलणी कानांवर आली त्यांच्याविषयी बोलायचे आहे. पहिले बोलणे विज्ञानाचे: पाऊस फार झाला, उतारावरची माती पाणी पिऊन सुटली, झाडे गेली होती, डोंगराचे उतार यंत्रे लावून सपाट केले होते. या कारणांत कोणाचा वाटा किती यावर जाणत्यांत मतभेद झाले, ते आम्ही बाजूला ठेवतो. पण हे बोलणे उपयोगाचे होते. त्यातून पुढे काही करता येण्यासारखे होते. किती केले गेले हा वेगळा प्रश्न आहे, कारण २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये गावावर आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर डोंगर आला. महिना तोच, जुलैचा.

दुसरे बोलणे मात्र कानाला चटका देणारे होते. गावाचे काहीतरी चुकले असेल, देवाचे काही राहिले असेल, असे लोक हळू आवाजात म्हणत. हे फक्त एका धर्माच्या लोकांत चालले असे मुळीच नाही. आमच्या प्रार्थनासभांतही आम्ही ते ऐकले. आणि त्याची उलटी बाजूही ऐकली: कोणी त्या दिवशी परगावी होता म्हणून वाचला, तर तो म्हणे, देवाने मला राखले. त्याची कृतज्ञता आम्हांला समजते. पण त्याला राखणाऱ्या देवाने शेजारच्या घराला का राखले नाही, हे विचारले की सभा गप्प होई.

आता शुभवर्तमानातली एक जागा सांगतो. लूकच्या तेराव्या अध्यायात ती आहे. यरुशलेमेत शिलोह नावाच्या ठिकाणी एक बुरूज पडला आणि त्याखाली अठरा माणसे मेली. कोणत्या साली, बांधणाऱ्याचे काय चुकले, काही सांगितलेले नाही. वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या बातमीसारखा नुसता उल्लेख आहे. त्याच सुमारास पिलाताने काही गालीलकरांना देवळात यज्ञ करीत असतानाच मारविले होते, तीही वार्ता लोकांनी येशूपाशी आणली. म्हणजे एक दुष्टावा आणि एक अरिष्ट, दोन्ही शेजारी शेजारी. आणि येशू लोकांना उलट विचारतो की ही माणसे शहरातल्या इतरांहून अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय? उत्तरही तोच देतो, आणि ते उत्तर नकाराचे आहे. तेथून तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि म्हणतो, मेलेल्यांचा हिशेब सोडा, स्वतःचे आयुष्य पाहा. योहानाच्या नवव्या अध्यायातही हेच. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोघांनाही त्यातून सोडवतो.

आम्ही हे अध्याय लहानपणापासून ऐकत आलो. पण शिलोहाच्या बुरुजाखालून माळीण दिसेल असे कधी वाटले नव्हते. ख्रिस्ताने बुरूज का पडला ते सांगितले नाही. त्याने फक्त एक उत्तर कायमचे बंद केले: जो गाडला गेला त्याचाच तो दोष, हे उत्तर. श्रोतेहो, आमच्या मते या विषयात ख्रिस्ती श्रद्धेने सांगितलेली ही सर्वांत पक्की गोष्ट आहे, आणि ख्रिस्ती लोकांनीच ती सर्वांत अधिक वेळा विसरलेली आहे.

दुसऱ्याला नावे ठेवण्यापूर्वी आमचा अपराध सांगितला पाहिजे. आपल्या भागात धरणे झाली, कालवे आले, ऊस आला. आणि उसाबरोबर बिबट्या आला. डोंगरातले रान त्याला उरले नाही म्हणून तो खाली आला म्हणावे, की उसातच त्याच्या पिढ्या जन्मल्या म्हणून तो आता तेथलाच म्हणावे, हे वनखात्याच्या माणसांना विचारावे. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, तेथे पिंजऱ्यातला बिबट्या पाहताना तो फार देखणा वाटतो. उसाच्या कडेला राहणाऱ्यांना तो तसा दिसत नाही. तर काही वर्षांपूर्वी अशाच एका वस्तीवरचे लहान मूल तिन्हीसांजेला त्याने उचलले. घरचे लोक ख्रिस्ती नव्हते. आमच्या एका शिक्षक मित्राची ओळख, म्हणून आम्ही त्याच्याबरोबर भेटायला गेलो. ओसरीवर मुलाची आजी बसली होती. बोलण्यासारखे काहीच नव्हते, आणि न बोलता बसण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. आम्ही म्हणालो, “देवाच्या मनात काही असेल, आजी.”

आजीने आमच्याकडे पाहिले. म्हणाली, “मास्तर, त्याच्या मनात व्हतं तर त्यानं मला न्यायचं. माझं दिस भरल्यात. पोराला कशापायी?”

आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “चा घ्या. गाडी जाईल तुमची.”

गाडीत बसल्यावर आम्हांला स्वतःची लाज वाटली. देवाचा बचाव करायला कोणी सांगितले होते आम्हांला? घरी आल्यावर पुस्तके काढली. शिकलेल्या माणसाला दुःख झाले की तो पुस्तके काढतो, ही एक खोडच आहे.

पुस्तकांत उत्तरे पुष्कळ आहेत. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन म्हणतो की दुष्टपणा ही स्वतंत्र वस्तू नाही, चांगल्याचा अभाव आहे, जसा अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव. आणि त्याचे मूळ आदामाच्या स्वेच्छेत आहे. आमच्या मराठीत हीच आदामाची कथा फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने १६१६ साली राशोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणात ओवीबद्ध केली. लायन्सचा बिशप आयरेनियस याने दुसऱ्या शतकात वेगळा विचार मांडला: माणूस अजून वाढत आहे, आणि हे जग म्हणजे त्याची शाळा. १७१० साली लायब्निट्सने तर ईश्वराच्या समर्थनाचा सबंध ग्रंथच लिहिला आणि संभवनीय जगांत हेच सर्वोत्तम असा निर्णय दिला. पुढे १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, माणसे देवळात असताना लिस्बन शहर भूकंपाने पडले. समुद्र आत आला, आग लागली. आणि व्होल्तेरने १७५९ मध्ये ‘कांदीद’ लिहून त्या सर्वोत्तम जगाची जी टिंगल केली तीतून तो निर्णय पुन्हा उभा राहिला नाही. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ला गणपती बोळवून माणसे झोपली आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी कोसळली, तेव्हा लिस्बन आम्हांला नव्याने समजले.

या उत्तरांत तथ्य नाही असे नाही. माणसाला स्वातंत्र्य हवे असेल तर दुष्टपणाचेही स्वातंत्र्य राहणार, हे आम्ही मान्य करतो. पिलाताच्या तलवारीपुरते ते पुरेसे आहे. पण ज्याने उतार फोडला तो एक आणि त्याखाली झोपलेला दुसरा, अशी स्थिती असली की स्वातंत्र्याचे तत्त्व लंगडे पडते. संकटाने माणूस घडतो हेही खरे. आपण सर्वांनी तशी माणसे पाहिली आहेत. पण तीन वर्षांचे मूल उसात जाऊन घडत नाही. त्याच्या मरणाने इतर घडतात म्हणावे, तर मूल हे दुसऱ्याच्या शिक्षणाचे साहित्य झाले. रशियन कादंबरीकार दोस्तोयव्हस्की याने १८८० मध्ये पुऱ्या केलेल्या कारामाझोव्ह बंधूंच्या कथेत इव्हान नेमका येथेच अडून बसतो. एका मुलाच्या छळाच्या किमतीवर मिळणारे स्वर्गातले जुळवाजुळव त्याला नको आहे. दोस्तोयव्हस्की स्वतः ख्रिस्ती होता, आणि तरी त्याने आपल्या विरुद्ध पक्षाला आपल्या पक्षापेक्षा बळकट बोलू दिले. अशी माणसे आम्हांला देवाच्या वकिलांपेक्षा श्रद्धेच्या अधिक जवळची वाटतात.

सगळी पुस्तके चाळून झाल्यावर आम्ही पुन्हा बायबलात आलो, ईयोबापाशी. ही कथा आपणांस ठाऊक असेल. नसल्यास थोडक्यात सांगतो. ऊस देशात ईयोब नावाचा सज्जन, श्रीमंत गृहस्थ होता. देशाचे नाव ऊस, हा केवळ योगायोग! एका दिवसात त्याची गुरे, उंट, चाकर गेले. आणि त्याचे सात मुलगे व तीन मुली ज्या घरात जेवत होती ते घर वावटळीने त्यांच्यावर पडले. पुढे त्याच्या अंगभर गळवे उठली. तेव्हा त्याचे तीन मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर भेटायला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. आमच्या मते त्या तिघांनी सबंध ग्रंथात केलेले हे एकच चांगले काम. आठव्या दिवशी त्यांनी तोंडे उघडली आणि घोटाळा झाला. तुझे काहीतरी चुकले असले पाहिजे, देव उगीच शिक्षा करीत नाही, हे ते नाना परींनी आणि फार सुंदर भाषेत सांगतात. ईयोब कबूल होत नाही. तो देवाला खटल्यात ओढतो, बोलाव म्हणतो, उत्तर दे म्हणतो.

शेवटी देव वावटळीतून बोलतो. आणि काय बोलतो? ईयोबाच्या मुलांविषयी एक शब्द नाही. पहिल्या प्रकरणात घडलेला सैतानाबरोबरचा संवादही तो सांगत नाही. तो जनावरांविषयी बोलतो. सिंहिणीला शिकार कोण देतो, कावळ्याची पिल्ले भुकेने ओरडतात तेव्हा त्यांना कोण पाहतो, रानबकरी कधी विते, गरुड उंच सुळक्यावर घरटे करतो आणि त्याची पिल्ले रक्त पितात. जुन्नरात राहून हा अध्याय वाचावा. आम्ही तो बिबट्याच्या घटनेनंतर वाचला तेव्हा अंगावर काटा आला. जग माणसाच्या एकट्याच्या मापाने बेतलेले नाही, बिबटीच्या पिल्लांची भूकही त्या निर्मात्याच्या खिजगणतीत आहे, असे तो अध्याय सांगतो. हे सत्य असेल. भव्य तर आहेच. पण त्या आजीच्या ओसरीवर आम्ही हा अध्याय वाचणार नाही. काही सत्ये अशी असतात की ती सांगण्याचा अधिकार फक्त वावटळीला असतो.

ग्रंथाच्या शेवटी जो निकाल आहे तो मात्र ओसरीवरही सांगता येईल. देव त्या तीन मित्रांवर रागावतो. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, ईयोब नीट बोलला, असा त्याचा अभिप्राय आहे. देवाची बाजू घेणारे चुकले, आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. हा निकाल धर्मग्रंथातच आहे, नास्तिकाच्या पुस्तकात नाही. आम्ही गाडीत बसून ज्याची लाज धरली तेच तेथे लिहिलेले आहे.

आपणां मराठी माणसांना देवाशी भांडणे नवे वाटू नये. नामदेव रुसतो, जनाबाई तर विठोबाला शिव्या घालते. आणि तुकोबा! शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म १६३० साली झाला, त्याच सुमारास दख्खनेत पाऊस गेला आणि भयंकर दुष्काळ पडला. देहूला तुकोबांची पहिली बायको त्या दुष्काळात अन्नावाचून गेली, मुलगाही गेला, दुकान बुडाले. त्यानंतरचे तुकोबांचे अभंग विठोबाच्या पायांशी आहेत आणि त्याच्या गळपट्टीलाही आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, ते म्हणत की आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून. या वाक्याचा गोड अर्थच नेहमी सांगितला जातो. आम्हांला वाटते, त्या पुलावरून भक्तीबरोबर हे भांडणही पलीकडे आले, आणि पलीकडे ईयोब वाट पाहात उभा होता.

मग ख्रिस्ती श्रद्धेत ख्रिस्ताचे काय, असे आपण विचाराल. येथे आम्ही श्रद्धेची भाषा बोलतो, तर्काची नाही. तसे समजून ऐकावे. ख्रिस्ती माणूस मानतो की जो देव वावटळीतून बोलला तोच एके दिवशी आरोपीच्या बाजूला येऊन उभा राहिला. निरपराध असून खिळला गेला, आणि शेवटच्या घटकेला, आपल्याला का टाकले, असा प्रश्न त्याने वर केला. मार्कने तो प्रश्न आरामी भाषेतल्या मूळ शब्दांसकट जपून ठेवला आहे. बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ तोच. त्या प्रश्नाला वधस्तंभापाशी उत्तर आलेले नाही. म्हणजे आजीचा “कशापायी” ख्रिस्ताच्याही तोंडी होता. तिसऱ्या दिवशी तो उठला, हा आमचा विश्वास. आणि तो सिद्ध करून दाखवण्याचे साधन या व्यासपीठावर आमच्यापाशी नाही. पण त्या कथेतही एक तपशील असा आहे की तो आमच्या मनातून जात नाही: उठलेल्या देहावर खिळ्यांचे वण तसेच होते. ते पुसले गेले नाहीत. जे झाले ते झालेच नाही, असे पुनरुत्थानही म्हणत नाही.

याच जिल्ह्यातल्या एका बाईंचे आयुष्य येथे आठवल्याशिवाय राहवत नाही. आपल्या घोड नदीचे पाणी भीमेला मिळते, आणि भीमेच्या खोऱ्यात, दौंड तालुक्यात केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाई राहिल्या. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. पुराणे सांगत, तीर्थे करीत सगळे कुटुंब हिंडले. १८७४ च्या सुमारास मद्रासकडील दुष्काळात प्रथम वडील गेले, मग आई, मग बहीण. भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. पती बिपिनबिहारी १८८२ मध्ये पटकीने गेले. मांडीवर मनोरमा, वय वर्षाच्या आत. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून आणि पुढे शारदासदनावरून पुण्यात जे वाद झाले ते आज आमच्या विषयात नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली, कारण उपाशी राहणे म्हणजे काय हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते. तीनशेच्या आसपास मुली तिने आणल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध, म्हणून केडगावच्या माळावर त्यांना ठेवले. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. १९०० च्या सुमारास तेथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या. एवढी माणसे गमावलेल्या बाईने देव चांगला आहे हे कशाच्या बळावर म्हटले, याचे कोडे आम्ही उलगडू शकत नाही. पण ती जे म्हणाली त्याच्यामागे विहिरी होत्या.

हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. म्हातारपणी एकुलती एक मुलगी गेल्यावरही बाईंचे ते काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्यात ईयोबही आहे.

मेळ बसला का, असे अध्यक्षमहाराज मला नंतर विचारतील. सरळ सांगतो: नाही बसला. देव चांगला आहे हे आम्ही सोडत नाही आणि माळीण विसरत नाही. दोन्ही एका वहीत लिहिलेली आहेत आणि खाली बेरीज मांडलेली नाही. ज्यांना ती मांडता येते त्यांच्याशी आमचे भांडण नाही, पण त्यांनी ती गाडल्या गेलेल्यांच्या खात्यावर मांडू नये, एवढेच आमचे मागणे. माळीणच्या लोकांना आमडे येथे नवे गाव बांधून दिले गेले, २०१७ च्या एप्रिलमध्ये ते त्यांच्या ताब्यात आले, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तेथे जमिनीला भेगा पडल्या. अशा वेळी देवाचे समर्थन करायला वेळ तरी कोणाला असतो?

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्या वस्तीवर गेलो. आजी आहे, डोळ्यांना कमी दिसते. या खेपेस आम्ही शहाणपण केले आणि बराच वेळ काही बोललो नाही. मग तिनेच विचारले, एवढी पुस्तके वाचता, कोणाचे पोर असे गेल्याचे त्यांत आहे का काही? म्हणून आम्ही ईयोबाची कथा सांगितली, वावटळ सोडून. तिला ती आवडली असावी, मध्ये एकदोनदा हुंकार दिला. शेवटी आम्ही सांगितले की त्याला गुरे दुप्पट मिळाली, पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली झाल्या, आणि त्या मुलींची नावे यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक अशी होती.

आजी म्हणाली, “आन् पहिल्यांची?”

घरी येऊन आम्ही पुन्हा पाहिले. पहिल्या दहांची नावे ग्रंथात दिलेली नाहीत. पुढच्या भेटीत तिला तसे सांगितले.